ईसाल्मी मोफत वस्तू संशोधक संस्था (नोंदणीकृत)

फुकट मिळणारी वस्तू निरोगी माणूस नाकारत नाही. जो नाकारतो त्याला एकतर ताप असतो, किंवा ती वस्तू त्याच्याकडे आधीच दोनदा आलेली असते. आणि हा दुसरा माणूसही तिसरी घेतोच, कारण पहिल्या दोन कुठे ठेवल्यात हे त्याला आठवत नसतं. मानवजातीची प्रगती आगीच्या शोधापासून मोजायची पद्धत आहे. आमच्या संस्थेचं मत वेगळं आहे. आग पेटवायला लाकडं फोडावी लागतात. खरी प्रगती सुरू झाली ती दुसऱ्याने पेटवलेल्या आगीपाशी जाऊन हात शेकणाऱ्या पहिल्या माणसापासून, आणि आम्ही त्याला आमचा आद्य सभासद मानतो.

मी या संस्थेचा सचिव. फिनलंडमध्ये तीन माणसं एकाच वस्तूकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, की त्यांची नोंदणीकृत संस्था होते: एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, एक खजिनदार. चौथा उगाच विचारायला येतो, काय बघताय म्हणून, त्याला सचिव करतात. मी तसाच झालो.

(हे निवेदन शेवटपर्यंत वाचणाऱ्या प्रत्येकाला संस्थेतर्फे एक वस्तू मोफत मिळेल. तपशील शेवटी आहेत. मधले परिच्छेद गाळू नयेत.)

या क्षेत्रात आमच्या ईसाल्मी गावाची परंपरा मोठी. गावात नवं दुकान उघडलं, की उद्घाटनाला पहिल्या काहीशे गिऱ्हाइकांना एक प्लास्टिकची बादली फुकट मिळायची. दुकान खिळ्यांचं असो की चष्म्यांचं, बादली मिळायचीच. नाकातला श्वास गोठेल अशा थंडीत गाव उजाडायच्या आधी रांगेत उभं राहायचं. दोन माणसांमध्ये तिसरा आडवा झोपेल एवढं अंतर ठेवायचं आणि पुढे सख्खा भाऊ असला तरी फक्त त्याच्या टोपीकडे बघायचं. रांगेत बोलणं आमच्यात असभ्य समजतात. एरवी बोलणं नुसतं अनावश्यक समजतात.

अशा बादल्या घरोघरी एकात एक घालून ठेवलेल्या आहेत. वापरात एकही नाही, कारण वापरली तर झिजेल, झिजली तर दुसरी विकत आणावी लागेल, आणि मग पहिली फुकट मिळवण्यात काय अर्थ राहिला? अपवाद सौनातल्या, म्हणजे घामाच्या वाफेच्या खोलीतल्या, लाकडी बादलीचा. तापलेल्या दगडांवर टाकायचं पाणी तिच्यात असतं. ती नेहमीच्या वापरातली, आणि बिचारी विकत घेतलेली.

पुढे गावात नवी दुकानं उघडेनाशी झाली. होती ती बंद होत गेली, आणि बंद होताना कुणी बादली देत नाही. गावावर अवकळा आली. धडधाकट माणसं सकाळी उठून कुठेही उभी राहीनाशी झाली. अशा वेळी आमचे अध्यक्ष तैस्तो हूस्कोनेन यांनी वेलारियाचा शोध लावला.

वेलारिया हे संगणकाच्या पडद्यावरचं जग आहे. तिथे आपला एक बाहुला असतो, तो आपण सांगू तिकडे चालतो, उडतो, नाचतो आणि डोंगरात अडकतो. तिथे दुकानं आहेत, आणि गिऱ्हाईक यावं म्हणून जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या दारात भेटवस्तूंचा एक डबा असतो. डब्याला हात लावला की वस्तू आपली. तिला वजन नाही, ती जागा अडवत नाही, आणि लाख लोकांनी घेतली तरी डब्यात तेवढीच शिल्लक राहते. फुकट ते पौष्टिक, असं म्हणतात. इथे पोषणाला अंतच नव्हता.

पण एक अडचण आली. जर्मन, ब्राझीलचे, कोरियन, सगळे लोक उडत येत, डब्याला हात लावत आणि उडत जात. थंडी नाही, ताटकळणं नाही, पुढच्याची टोपी नाही. असं मिळालेलं फुकट आमच्या सभासदांच्या अंगी लागेना. औलिस र्युनानेन या उपाध्यक्षांनी तर एका दुपारी दोनशे वस्तू मिळवल्या आणि सभेत सांगितलं, की आपल्याला चोरी केल्यासारखं वाटतंय. तेव्हा सर्वानुमते ठराव झाला: यापुढे संस्थेचे सभासद वेलारियात रांग लावतील.

पहिली रांग आम्ही इल्दा नावाच्या पोर्तुगीज बाईच्या टोप्यांच्या दुकानासमोर लावली. नऊ बाहुले, मध्ये नियमाप्रमाणे अंतर, सगळे पाठमोरे आणि मुके. बाई घाबरून बाहेर आली.

"तुमचे कॉम्प्युटर अडकलेत का?"

"नाही," तैस्तो म्हणाला. "आम्ही उभे आहोत."

"अहो, पण डबा संपत नाही! दहा जणांनी एकदम हात लावला तरी चालतं."

"माहीत आहे."

"मग लावा ना!"

"माझा नंबर यायचाय," तैस्तो म्हणाला, आणि पुढे बघू लागला.

इल्दाने आमच्या मागे उभं राहून तिचीच टोपी घेतली. नंतर तिने सांगितलं, की स्वतःची टोपी तिला इतकी कधीच आवडली नव्हती.

हळूहळू परदेशी बाहुलेही मागे येऊन उभे राहू लागले. ज्या अर्थी रांग आहे त्या अर्थी काहीतरी असणार, हे तत्त्व जगभर सारखंच आहे. (संस्थेने केलेल्या पाहणीत रांगेतल्या दर दहांपैकी सात जणांना पुढे काय मिळतंय हे ठाऊक नव्हतं. उरलेल्या तिघांना चुकीचं ठाऊक होतं.) एकदा आमच्या रांगेच्या शेपटीला दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानाच्या रांगेचं तोंड चिकटलं आणि बरेच लोक गोल फिरत राहिले. कुणाचीही तक्रार आली नाही.

अध्यक्षांनी मिळवलेल्या संपत्तीवर इथे थोडी नजर टाकणं योग्य होईल. टोप्या सहाशेच्या वर (त्यांचा बाहुला टकला आहे, टोपी घातली की टक्कल झाकलं जातं म्हणून घालत नाहीत). वधूवेष अठ्ठ्याऐंशी. मिशा, वेगवेगळ्या देशांच्या. एक दीपस्तंभ. एक दार, घराशिवाय. ड्रॅगन दोन, त्यातला एक लंगडा. पावसाचा ढग, जो बाहुल्याच्या डोक्यावर राहतो आणि काढता येत नाही. आणि सौना, एकेचाळीस.

आता सौनाविषयी गंभीरपणे बोललं पाहिजे. तैस्तोच्या खऱ्या घरामागे, पोरोवेसी तळ्याच्या काठाला, त्याच्या सासऱ्याने बांधलेला खरा सौना आहे. जूनमधल्या सणाच्या दिवशी त्याच्या धुराड्याचा पाइप भट्टीवरून निसटला. दुपारभराचं काम. पण दुपारी तैस्तो रांगेत असे, आणि मग नोव्हेंबर आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तैस्तोने जगाला वळसा घातला. आमच्याकडे शनिवारी ज्या घरच्या सौनातून धूर निघत नाही, त्या घरात कुणीतरी गेलं असं धरून चालतात. शेजारीण सांत्वनाला केक घेऊन आली होती. दारात तैस्तोला जिवंत बघितलं आणि केक परत घेऊन गेली.

तैस्तोची बायको इर्या. या दोघांचा संसार चांगला झाला असं सगळे म्हणतात, आणि माझंही तसं मत आहे. पण त्यांचं सगळं महत्त्वाचं बोलणं सौनात झालेलं. लग्नाचं तिथेच ठरलं, मुलाचं नाव तिथेच, इर्याच्या आईला दवाखान्यात ठेवायचं की घरी आणायचं तेही तिथेच. अंधारात, वाफेत, एकमेकांकडे न बघता दोघं मोकळेपणी बोलत. स्वयंपाकघरात फक्त 'मीठ' आणि 'दार लाव' एवढंच. त्यामुळे पाइप निसटला तेव्हापासून या घरात मीठ आणि दार सोडून काही बोललं गेलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी इर्या कॉफी ओतता ओतता म्हणाली, "शनिवारी सौना तापव."

"शनिवारी वाटप आहे," तैस्तो म्हणाला. "वर्षातलं सगळ्यात मोठं. बंद डबा."

"काय देणारायत?"

"पुढे गेल्यावर कळेल."

इर्याने कपात साखर घातली. ती साखर घेत नाही. "नाही तापवलास तर मी बहिणीकडे जाते, तेल्लेर्वोकडे. पाचची बस आहे, योएन्सूची."

"मुक्कामाला?"

"राहायला."

तैस्तोने यावर नीट विचार केला. "किती वाजता संपेल ते विचारून सांगतो," तो म्हणाला.

हा विषय त्याने शुक्रवारच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात मांडला. सभासदांनी आपापल्या घरी, आपापल्या कॉफीबरोबर सविस्तर चर्चा केली. ठराव असा: सौना तापवण्यास एक माणूस लागतो. रांगेत उभे राहण्यास एक माणूस लागतो. घरात माणसे दोन आहेत. सबब अडचण दिसत नाही. ठराव औलिसने मांडला, मी अनुमोदन दिलं. इतका सुसूत्र ठराव संस्थेच्या इतिहासात झाला नव्हता.

शनिवारी वाटप दुपारी चारला होतं. आम्ही बाराला उभे राहिलो. पहिला औलिस, दुसरा मी, तिसरा तैस्तो. तीनच्या सुमारास तैस्तोच्या मागे एक नवी बाहुली येऊन उभी राहिली. नाव नोंदवल्यावर वेलारियात जो राखाडी झगा देतात तोच तिच्या अंगावर होता, आणि डोक्यावर नाव तरंगत होतं: 'शनिवार'. येताना ती दोनदा भिंतीवर आपटली आणि एकदा भिंतीला 'माफ करा' म्हणाली.

वेलारियात आपण लिहिलेलं आसपासच्या सगळ्यांना वाचता येतं. हे नव्या माणसाला ठाऊक नसतं, आणि जुना विसरतो.

"काय देतायत हो?" शनिवारने विचारलं.

रांगेत शांतता पसरली. आधीही शांतताच होती, पण ही निराळी. एक अनोळखी बाई रांगेत बोलली होती. तैस्तोने पुढे बघतच उत्तर लिहिलं.

"पुढे गेल्यावर कळेल."

"आणि नको असलेलं निघालं तर?"

"फुकट आहे."

"फार वेळ लागेल का? मला पाचची बस गाठायचीय."

"कुठली?"

"योएन्सूची. बहिणीकडे चाललेय. तेल्लेर्वोकडे."

"काय सांगता!" तैस्तोने लिहिलं. "माझ्या मेहुणीचं नाव पण तेल्लेर्वोच. ती पण योएन्सूलाच असते."

"असं?"

"जग लहान आहे," तैस्तो म्हणाला.

या क्षणी औलिसच्या बाहुल्याची मान किंचित वळली आणि जागेवर आली. मागे कुणीतरी खोकल्याची खूण टाकली. सगळ्या रांगेला कळलं होतं. तैस्तो सोडून.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"बायको."

"काय करतेय आत्ता?"

"स्वयंपाकघरात आहे. काहीतरी टाइप करतेय. भिंतीतून टकटक ऐकू येतेय."

"कुणाला लिहितेय?"

"विचारलं नाही."

"बोलत नाही का तुम्ही तिच्याशी?"

"बोलतो की. सौनात."

"मग तापवा ना सौना."

"पाइप निसटलाय. दुपारभराचं काम आहे."

"मग?"

"दुपारी इथं असतो."

मग शनिवारने लिहिलं, "तिला काय वाटत असेल?"

यावर तैस्तो लिहायला लागला. खूप वेळ लिहीत होता. एवढा मजकूर त्याने वार्षिक अहवालातही लिहिलेला नाही. "तिला वाटत असेल मला तिचं काही पडलेलं नाही. तसं नाहीये. बादल्यांच्या रांगेतसुद्धा मी तिच्यासाठी उभा राहायचो, तिला निळी आवडायची म्हणून. इथं एकेचाळीस सौना जमवलेत. आमचा घरचा सौना म्हातारा झाला, गळतो. म्हटलं, एखादा चांगला सापडला की तिला बोलवून दाखवावा. पण एकाचीही वाफ नीट नाही."

"हे तिला सांगितलंत?"

"कुठं सांगणार? सौना थंड आहे."

"आत्ता जाऊन सांगा. एकच भिंत आहे मध्ये. मी तुमची जागा धरते."

"जागा धरता येत नाही. नियम सात."

"कुणी केला नियम?"

"मीच," तैस्तो म्हणाला. त्यात थोडा अभिमान होता.

मी त्याच्या बरोबर पुढे उभा होतो. मागे वळून 'अरे, ती इर्या आहे' एवढंच लिहायचं होतं. पण दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत रांगेतून तोंड घालणं आमच्यात बसत नाही. शिवाय माझ्या मागे चाळीस-पन्नास जण उभे होते, त्यांच्यातलं कुणी बोलत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मीच का सांगावी, याचं समाधानकारक कारण मला सापडेना. शिवाय तेवढ्यात चार वाजले आणि रांग एक पाऊल सरकली. कुणीही शिस्त मोडली नाही, याची संस्थेने कृतज्ञतापूर्वक नोंद घेतली आहे.

एका जागी इतके बाहुले जमले की वेलारियाला धाप लागते आणि नुसता हात उचलायलाही दहा-दहा मिनिटं जातात. औलिसने हात उचलला. मग मी. तैस्तोचा नंबर आला तेव्हा साडेचार होत आले होते. डबा उघडला. आत सौना होता. बेचाळिसावा. पण हा खरोखर सुरेख होता: तळ्याकाठचा, लाकडाच्या गाठी दिसणारा, धुराड्यातून सरळ धूर जाणारा. सोबत एक ओळीची सूचना: 'वाफ येण्यासाठी बाकावर दोन व्यक्ती बसणे आवश्यक.'

तैस्तो मागे वळला. संस्थेच्या रांगेत कुणी मागे वळण्याची ही पहिलीच वेळ.

"बाई," त्याने लिहिलं, "दोन मिनिटं बसता का? बसच्या आधी होईल."

शनिवार जागेवर उभी होती, पण तिची मान खाली पडलेली होती. माणूस पडद्यासमोरून उठून गेलं की वेलारियात बाहुल्याची मान पडते.

तैस्तो पाच वाजत येईपर्यंत थांबला. आम्ही सगळेच थांबलो. मग त्याने लिहिलं, "टकटक थांबली." आणि लगेच खाली, "मघाशी दार लागल्याचा आवाज आला होता." त्यानंतर त्याने फक्त 'इर्या' एवढं लिहिलं आणि त्याचीही मान पडली.

शेजारणीने सांगितलं, की तो पायमोज्यांवर थांब्यापर्यंत पळत गेला. इतकं पळताना त्याला गावाने पाहिलेलं नव्हतं. बस वेळेवर सुटली होती. आमच्याकडे बसगाड्या वेळेवर सुटतात. घरात सगळं जागच्या जागी होतं, फुकटच्या बादल्यासुद्धा, निळी धरून. फक्त सौनातली लाकडी बादली नव्हती. ती इर्या घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तैस्तोने पाइप बसवला. दुपारही लागली नाही. तेव्हापासून दर शनिवारी त्याच्याकडे धूर निघतो आणि तो एकटा बाकावर बसतो. पाण्यासाठी प्लास्टिकची बादली नेतो, ती भट्टीजवळ मऊ पडून वाकते, म्हणून पुढच्या शनिवारी दुसरी. साठा मोठा आहे. योएन्सूला का जात नाही, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "जाऊन बोलू कुठं? तिच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात?" फोन का करत नाही, असं विचारणार होतो, पण आमच्या मागे दुकानात रांग होती.

स्वयंपाकघरातला इर्याचा संगणक अजून चालू आहे. तो बंद करायला तैस्तोचा हात होत नाही. त्यामुळे वेलारियात शनिवार अजून तिथेच उभी आहे, राखाडी झग्यात, मान खाली घालून, डब्यापासून एका पावलावर. तिचा नंबर आहे. ती हात लावत नाही, आणि रांगेतल्या माणसाला ओलांडून पुढे जाणं नियम सातच्या पोटनियमात बसत नाही. मागे आजच्या तारखेला दोनशेवर बाहुले उभे आहेत. रोज थोडे वाढतात. संस्थेची एवढी भरभराट कधीच झाली नव्हती. अध्यक्षपद सध्या माझ्याकडे आहे.

आता मोफत वस्तूबद्दल.

आपण तिसऱ्या परिच्छेदापासून तिच्यासाठी उभे आहात. वस्तू कोणती, हे आपण एकदाही विचारलं नाही. राखाडी झग्यातली बाई कोण, हे आपल्यालाही तिने बहिणीचं नाव घेतल्याबरोबर कळलं होतं. आपणही काही बोलला नाहीत आणि एक ओळ पुढे सरकलात. (बोलून काय उपयोग होता, असं आपण म्हणाल. आमच्या सभेतही सगळे हेच म्हणाले.) अशी पात्रता आजकाल दुर्मिळ आहे. सबब आपल्याला संस्थेचं आजीव सभासदत्व मोफत देण्यात येत आहे. कृपया रांगेच्या शेवटी उभं राहावं.

आणि आत्ता भिंतीपलीकडे कुणी काही करत असल्याचा आवाज येत असेल, तर तूर्त तिकडे लक्ष देऊ नये. जागा धरता येत नाही.